'नाही' म्हणणारा प्रबंध

अन्याय झाला तो आबांवर. दसऱ्यानंतरच्या पहिल्या शनिवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, आमच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या बैठकीच्या खोलीत. दार बंद होतं. आत संशोधन समितीची माणसं होती, टेबलावर काजू-बिस्किटं होती, आणि आबांची पीएचडीची नोंदणी रद्द झाली. कारण दोनच शब्दांचं लिहिलं गेलं : प्रगती असमाधानकारक.

'अन्याय' हा शब्द मी पत्रकांत इतक्यांदा लिहिलाय की त्याची धार गेलीय. दुसरा सापडला असता तर तो लिहिला असता.

आबांचं नाव लिहीत नाही, त्यांनीच नको म्हटलंय. ज्यांच्यामुळे हे झालं त्या मोठ्या सरांचंही लिहीत नाही. तेही आबांनीच नको म्हटलंय. ही दुसरी अट मी दातओठ खात पाळतेय.

आबा म्हणजे कुणी म्हातारा माणूस नव्हे. मी कोर्सवर्कला आले तेव्हा त्यांनी पस्तिशीही ओलांडली नव्हती. आमच्या विभागात उसाची रोपं काचेच्या बाटल्यांत वाढवतात. बाटलीच्या तळाला जेलीसारखं खाद्य, त्यात उसाच्या कोंबाचा नखाएवढा तुकडा, फळ्यांवर ओळीनं मांडलेल्या बाटल्या, वर ट्यूबलाइट आणि एसी रात्रंदिवस चालू. ती वाढखोली. आबांचा सगळा दिवस त्या खोलीत जायचा आणि त्यांना थंडी अजिबात सोसायची नाही. म्हणून भर चैत्रात अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, गळ्यात मफलर. मधूनच बाहेर यायचे, विभागाच्या पायऱ्यांवर उन्हाला पाठ करून, डोळे मिटून बसायचे. येणारेजाणारे म्हणायचे, "आबा बसल्यात उन्हाला." ते नाव चिकटलं. प्राध्यापकसुद्धा त्यांना आबाच म्हणायचे. शेवटी समितीच्या बैठकीत त्यांचं खरं नाव पुकारलं तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या दोन पोरांनी एकमेकांकडे बघितलं, हा कोण म्हणून.

घर मलकापूरकडचं. वडील लहानपणीच गेले, आईनं मजुरी करून वाढवलं. बौद्ध कुटुंब. घरातला पहिला पदवीधर, भावकीतला पहिला, आणि पीएचडीला नाव लागलं तेव्हा गावातला पहिला. हे आबा कधी सांगत नसत. सांगायचे ते दुसरेच, त्यांच्या पाठीमागं : "फेलोशिप खाऊन बसलाय, उठतोय कशाला." हे म्हणणाऱ्यांपैकी निम्म्यांना पिपेट धरायला आबांनी शिकवलं होतं.

पीएचडीला प्रवेश मिळाला की पहिल्यांदा कोर्सवर्क असतं. म्हणजे परत शाळा. संशोधन पद्धती, संख्याशास्त्र, संशोधनातली नीतिमत्ता, आणि प्रयोगशाळेतलं प्रशिक्षण. वेळापत्रकात प्रशिक्षणाच्या तासापुढं एका प्राध्यापकांचं नाव होतं. त्या तासाला आम्ही त्यांना कधी बघितलं नाही. आम्ही बघितले आबा.

पहिल्या दिवशी त्यांनी आमच्यापुढं पाण्याचं चंचुपात्र ठेवलं, रिकाम्या नळ्या ठेवल्या, आणि म्हणाले, "भरा."

आम्ही भरल्या. त्यांनी एकेक नळी तराजूवर ठेवली, आकडा बघितला, आणि सगळ्या ओतून टाकल्या.

"परत भरा."

असं किती दिवस चाललं असेल. पाणी इकडून तिकडं, तिकडून इकडं. आमच्यात इचलकरंजीचा एक गडी होता, एमएस्सीला सुवर्णपदक घेतलेला. तो एकदा वैतागून म्हणाला, "आबा, आमी पीएचडी कराय आलोय का पाणी भराय?"

आबा म्हणाले, "पाणीच भराय येत न्हाई लगा तुला. बघ की, तराजू काय म्हणतोय. ऊस लांबच ऱ्हायला."

"पाण्यात काय चुकतंय एवढं?"

"काय चुकतंय ते दिसतंय तरी. उद्या त्यात औषध घातल्यावर चुकलास तर दिसणार न्हाई. मग तू पेपर लिवशील."

सगळे हसले. आबाही हसले. पण त्या गड्याला त्यांनी त्या दिवशी संध्याकाळपर्यंत पाणीच भरायला लावलं.

बाटल्यांच्या प्रत्येक खेपेत आबा काही बाटल्या वेगळ्या ठेवायचे. त्यांत सगळं तसंच, फक्त ज्याची परीक्षा घ्यायची ते औषध नाही. याला सगळं जग कंट्रोल म्हणतं. आबा 'पावणं' म्हणायचे. का, तर म्हणे, "घरचा माणूस घरचं झाकतो. पावण्याला काय देणंघेणं हाय? त्यो बघंल तसं सांगंल." मग दिवसभर वाढखोलीतून ऐकू यायचं, "पावण्याला मुळं फुटली का?" "पावण्याला इचारलंस का? आधी पावण्याला इचार." नवीन आलेल्या शिपाईमामांना कितीतरी दिवस वाटत होतं की आत कुणी माणूस बसवून ठेवलाय.

आणि हे वेड फक्त बाटल्यांपुरतं नव्हतं. आमच्या विद्यार्थी संघटनेचं काम मी तेव्हापासूनच करतेय. वसतिगृहात पोरी आजारी पडायला लागल्या म्हणून मी एक जळजळीत पत्रक लिहिलं, मुलींच्या वसतिगृहाचं पाणी दूषित आहे, प्रशासन झोपलंय, वगैरे. पाण्याची तपासणीही विभागात करून घेतली होती. मोठ्या अभिमानानं आबांना दाखवायला नेलं. त्यांनी उन्हात बसून सगळं वाचलं. मला वाटलं, आता शाबासकी.

"पोरांच्या होस्टेलचं पाणी तपासलंस?"

"नाही. त्यांची तक्रारच नाही."

"म्हणूनच तपासायचं. पावणं कुठाय ह्यात?"

"आबा, हे पत्रक आहे. प्रयोग नाही."

"मग खोटं लिवलं तर चालतंय व्हय पत्रकात?"

मी चिडले. तिथून उठून गेले. पण मुलांच्या वसतिगृहाचं पाणी आणून तपासलं. ते स्वच्छ निघालं. टाक्या वेगळ्या होत्या आणि आमची टाकी फुटकी होती. नव्या पत्रकात दोन्ही आकडे शेजारीशेजारी छापले, आणि टाकी बदलली. तेव्हापासून माझं प्रत्येक पत्रक छापायला जायच्या आधी पायऱ्यांवर जायचं. आबा विशेषणं खोडायचे. "'निर्लज्ज' कशाला? त्यानं काय केलं ते लिव. लाज हाय का न्हाई ते वाचणारा ठरवंल."

आणखी एक रीत होती. कुणाचा प्रयोग फसला, पण त्यानं तो न लपवता सगळ्यांसमोर सांगितला, की आबा भडंग आणायचे. कागदाच्या पुड्यातलं, कांदा घालून, लिंबू पिळून. विभागाच्या मागच्या कट्ट्यावर पार्टी. "आज हिच्या सगळ्या बाटल्यांत बुरशी आली आणि ही बाई स्वतःच्या तोंडानं सांगाय आली. घ्या, खावा." आणि एखाद्याचा प्रयोग यशस्वी झाला, तो नाचत आला, तर आबा मान वर न करता म्हणायचे, "बरं. परत कर." त्याला भडंग नाही. इचलकरंजीच्या सुवर्णपदकवाल्यानं एकदा वैतागून विचारलं, "आबा, आमी पास झालो तर खायाला कधी देणार?" आबा म्हणाले, "दोनदा पास झालास तर बघू." त्याच्या प्रयोगाचं तिसऱ्यांदाही तेच उत्तर आलं तेव्हा आबांनी त्याला स्वतःच्या पैशानं मिसळ खायला नेलं. रस्साही दोनदा घेऊ दिला.

आमचं पहिलं सादरीकरण व्हायच्या आधी आबांची स्वतःची एक परीक्षा असायची, कुठल्याच अभ्यासक्रमात नसलेली. घरी फोन लावायचा, स्पीकरवर टाकायचा, आणि फोन जो उचलेल त्याला आपलं काम समजावून सांगायचं. त्यानं एक तरी प्रश्न विचारला पाहिजे. प्रश्न आला नाही म्हणजे तुम्ही समजावलं नाही, नापास.

आमचं गाव बिद्रीजवळ. घरचा ऊस तिथल्याच कारखान्याला जातो. फोन पप्पांनी उचलला. मागं ट्रॅक्टरचा आवाज. मी सांगायला लागले. बाटली, कोंब, खाद्य, मुळं.

पप्पा ओरडूनच बोलतात, फोनवर जास्त. "म्हंजे बाटलीत ऊस लावताय व्हय तुमी? आन् त्यो तोडाय टोळी कुठली आणणार?"

सगळी प्रयोगशाळा हसली. आबा फोनजवळ येऊन म्हणाले, "काका, नमस्कार. मी हितलाच. ह्यो प्रश्न मोजत न्हाई, दुसरा इचारा."

"पावणं कुठलं?"

"मलकापूरकडचा."

"आडनाव काय?"

आबांनी आडनाव सांगितलं. पलीकडं क्षणभर फक्त ट्रॅक्टर ऐकू आला. ती शांतता माझ्या ओळखीची आहे, ती आमच्या घरातली आहे, आणि तिच्याबद्दल मी जेवढं लिहीन तेवढं थोडं. मला जमीन दुभंगावी असं झालं. आबांच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. त्यांना ती माझ्याआधीपासून ओळखीची होती.

"काका, प्रश्न," आबा म्हणाले. "प्रश्नाबिगर हिला पुढं सोडत न्हाई मी."

पप्पांनी खाकरून घेतलं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाले, "समजा, तुमचं ते औषध घालून बी मुळं न्हाईच आली. मग?"

"मग तसंच लिवायचं, काका. न्हाई आली म्हणून."

"आन् तुमचं सायब लिवू देतील?"

आबा हसले. "देतील की. का न्हाई देणार?"

हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं. मी शेजारी उभी होते, मला माहीत आहे.

आता मोठे सर. आबांचे मार्गदर्शक, आणि विभागातलं सगळ्यांत वजनदार माणूस. मला ते आवडत नाहीत, पण आबांनी शिकवलंय म्हणून दोन्ही बाजू लिहिते. आबांना दुसरं कुणी घ्यायला तयार नव्हतं तेव्हा मोठ्या सरांनी घेतलं. वाढखोलीची किल्ली विश्वासानं दिली. आबांची आई आजारी होती तेव्हा स्वतःची गाडी पाठवली. आणि तरुणपणी त्यांनी एक शोध लावला होता : एका रानटी झुडपाचा अर्क बाटलीतल्या खाद्यात मिसळला की उसाच्या रोपांना लवकर मुळं फुटतात. त्या शोधावर त्यांचं नाव झालं. परिषदांत बोलावणी आली, विभागाला प्रकल्प मिळाले. आबांचं काम एवढंच होतं, तो शोध पुढं न्यायचा. अर्कातलं नेमकं काय मुळं फोडतं ते शोधायचं.

आबांनी सुरुवात केली ती अर्थातच पाणी भरण्यापासून. म्हणजे सरांचा जुना प्रयोग आहे तसा परत करून बघण्यापासून. मुळं आली. अर्कवाल्या बाटल्यांत आधी, पावण्यांत नंतर. सरांनी केलं होतं तसंच. सर खूश. आबा म्हणाले, "परत."

परत करताना त्यांच्या हाताला एक गोष्ट लागली. 'हाताला' हे मी शब्दशः लिहितेय. थंडी वाजायची म्हणून आबा वाढखोलीत काम करताना मधूनमधून दोन्ही तळवे मधल्या फळीवर टेकवून उभे राहायचे. कारण ती फळी कोमट असायची. का, तर तिच्या खाली, तळच्या फळीवरच्या बाटल्यांसाठी लावलेल्या ट्यूबलाइट होत्या, आणि त्यांचे चोक तापायचे. ती ऊब वरच्या फळीला मिळायची. तळच्या फळीखाली मात्र नुसती फरशी. ती गार.

आणि सरांची पद्धत होती, सरांच्या आधीपासून विभागाची पद्धत होती, की अर्कवाल्या महत्त्वाच्या बाटल्या हाताशी, मधल्या फळीवर ठेवायच्या. कंट्रोलच्या बाटल्या खाली, तळाला. सारख्या बघायला लागत नाहीत म्हणून. इतकी वर्षं सगळ्यांनी तसंच ठेवलं. बाटल्या कुठं ठेवायच्या हा कुणाला प्रश्नच वाटला नाही. म्हणजे घरात पाहुण्याला गार फरशीवर बसवलं आणि घरच्यांना शेगडीजवळ, आणि मग म्हटलं की बघा, आमच्या घरची माणसं किती तरतरीत.

आबांनी पावण्यांना वर बसवलं आणि अर्काला खाली. पावण्यांना आधी मुळं फुटली.

त्या दिवशी आबा पायऱ्यांवर बसले होते ते संध्याकाळ झाली, ऊन गेलं, तरी तिथंच. मी विचारलं, "काय झालं?" त्यांनी सांगितलं. मी उडालेच. "आबा, केवढी मोठी गोष्ट ही! सगळ्यांना सांगूया."

"गप," आबा म्हणाले. "परत करू दे." मग उठता उठता, "सरांना वाईट वाटंल गं."

त्यांनी परत केलं. फळ्या बदलून केलं, सगळ्या बाटल्या एकाच फळीवर ठेवून केलं, पुढच्या हंगामाच्या उसावर केलं. अर्काचा म्हणून फरक कुठंच सापडला नाही. अर्कानं काही होत नव्हतं. मग त्यांनी प्रबंध लिहिला. पहिल्या प्रकरणात मोठ्या सरांचे आभार मानले, मोठ्या सरांचा शोध नीट मांडला, आणि शेवटच्या प्रकरणात लिहिलं की अर्काचा परिणाम होत नाही, जो दिसला तो फळीच्या उबेचा होता.

सरांनी सही केली नाही, आणि मार्गदर्शकाच्या सहीशिवाय प्रबंध जमा होत नाही. ओरडले नाहीत, ते कधीच ओरडत नाहीत. दार उघडं होतं, आम्ही शेजारच्या खोलीत होतो.

"तू हुशार आहेस," सर म्हणाले. "पण असा प्रबंध असतो का? काहीतरी सापडलं पाहिजे ना."

"सापडलंय की सर. फळी सापडली."

"फळीवर पीएचडी देतात का? उद्या लोक मला काय म्हणतील?"

आबा इतक्या नम्रपणे बोलले की मला अजून ते आठवून राग येतो. "म्हणतील, सरांच्याच विद्यार्थ्यानं परत करून बघितलं. सरांनीच करू दिलं. चांगलंच म्हणतील, सर."

मग सर म्हणाले, "आणखी एक हंगाम कर. नीट कर."

नीट कर! पाणी भरायला लावणाऱ्या माणसाला!

आबांनी तोही हंगाम केला. आणि पुढचाही. उत्तर बदललं नाही, सही झाली नाही, आणि नोंदणीची मुदत संपत आली. या सगळ्या काळात नव्या पोरापोरींचं प्रशिक्षण आबाच घेत होते. आम्ही पुढं जात होतो, आमचे प्रबंध जमा होत होते, आबा तिथंच. मुदतवाढ मागितली. त्याच वर्षी दुसऱ्या एकाला मिळाली होती, त्याचे वडील कोण ते मी इथं लिहीत नाही. आबांना उत्तर मिळालं, नियमात बसत नाही.

मी पत्रक लिहिलं. मोठ्या सरांना 'चोर' लिहिलं. नेहमीप्रमाणे पायऱ्यांवर नेलं. आबांनी तो शब्द खोडला.

"चुकणं म्हंजे चोरी न्हवं," ते म्हणाले. "सरांनी फसवलं न्हाई कुणाला. त्यांनी पावणं खाली ठेवलं, सगळ्यांनीच ठेवलं. मी तितं असतो तर मी बी ठेवलं असतं."

आबा, तुमचं हे म्हणणं मी छापतेय, पण मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. चूक झाली तेव्हा ती चूक होती. ती दिसल्यावर, तुमच्या हातानं दाखवल्यावर, ती झाकण्यासाठी एका माणसाचं आयुष्य खर्ची घातलं, त्याला काय म्हणायचं? कोर्सवर्कला संशोधनातली नीतिमत्ता हा विषय आम्हाला मोठ्या सरांनीच शिकवला. नकारात्मक निष्कर्षही विज्ञानाला तितकाच मोलाचा असतो, हे वाक्य त्यांनी पडद्यावर दाखवलं होतं, आम्हाला उतरवून घ्यायला लावलं होतं. मी ते परीक्षेत लिहिलं आणि पैकीच्या पैकी मार्क घेतले. आबांनी तेच वाक्य हातानं करून दाखवलं. ते नापास.

तो शनिवार. आबा आत जाऊन दहा मिनिटांत बाहेर आले. आम्ही बोळात उभे होतो. त्यांनी आमच्याकडं बघितलं आणि विचारलं, "आज कुठली खेप हाय?"

बाटलीतली रोपं दर काही आठवड्यांनी नव्या खाद्यात हलवावी लागतात, नाहीतर खाद्य संपून मरतात. त्या शनिवारी एका खेपेची पाळी होती. आबा गेले, हात धुतले, स्पिरिटचा दिवा लावला, आणि काचेच्या पेटीपुढं बसले. चिमटा ज्योतीत धरायचा, गार होऊ द्यायचा, रोप उचलायचं, नव्या बाटलीत उभं करायचं, झाकण.

माझा तोल गेला. "आबा, सोडा की ते आता! तुमचं काय राहिलंय इथं?"

"रोपांनी काय केलंय?" ते म्हणाले. वळून बघितलं नाही.

एकदाच त्यांच्या हातून झाकण खाली पडलं. झाकण खाली पडलं की ती बाटली बाद, हे त्यांनीच आम्हाला शिकवलं होतं. त्यांनी ती उचलली, बादच्या टोपलीत ठेवली, आणि पुढची घेतली. दाराशी सुवर्णपदकवाला रडत होता, आवाज न करता. मग आबांनी दिवा विझवला, किल्ली टेबलावर ठेवली, मफलर गुंडाळला, आणि गेले. त्या दिवशी पायऱ्यांवर बसले नाहीत.

आम्ही निवेदनं दिली. घोषणा दिल्या. दोन वर्तमानपत्रांत चार ओळी आल्या. मग दिवाळीची सुट्टी लागली. मोठे सर अजून नीतिमत्ता शिकवतात. वाढखोलीत कंट्रोलच्या बाटल्या अजून तळच्या फळीवर असतात. मी मागच्याच आठवड्यात बघून आले.

आबा आता कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत आहेत. एका कारखान्यात ओतीव सुटे भाग तपासायच्या टेबलावर बसतात. मी भेटायला गेलते. फाटकाबाहेरच्या टपरीवर चहा घेतला. अंगात स्वेटर नव्हता. म्हणाले, "हितं भट्टीची ऊब हाय. थंडीचं काम न्हाई." वजन उतरलंय. हसतात तसंच.

"बरं चाललंय का, आबा?"

"झ्याक की. एक सांगू? हितं मी 'न्हाई' म्हटलं की माल परत जातो. साहेब सही करतो खाली. कोण रागवत न्हाई."

त्यांनीच मला दुसरा चहा सांगितला.

"प्रबंध कुठाय?" मी विचारलं.

"आईकडं. मलकापूरला, कपाटात."

"वाचला कुणी?"

"आईनं पयलं पान वाचलं. मराठीत माझं नाव हाय की त्यावर. रोज पुसून ठेवती." मग कपाकडं बघत म्हणाले, "पुढचं तिला इंग्रजीत कसं कळंल?"

"आपण परत लढूया."

"तू लढ," आबा म्हणाले, आणि भोंगा वाजला म्हणून उठले. "मला शिफ्ट हाय."

म्हणून हे मी लिहितेय, आणि तुमच्याकडून मला हळहळ नकोय. हळहळ आम्हाला भरपूर मिळाली, ती देणाऱ्यांतल्या एकानंही निवेदनावर सही केली नाही.

आबांनी विभागाकडं नोकरी मागितलेली नाही, भरपाई मागितलेली नाही. त्यांचा प्रबंध तयार आहे आणि तो आजवर एकाही परीक्षकानं उघडलेला नाही. तो बाहेरच्या परीक्षकांकडं पाठवायचा, एवढंच. आबा चुकले असतील तर ते वाचून सांगू देत. पण वाचल्याशिवाय कुणाला असमाधानकारक ठरवू नका.

हा विभाग कुठला ते तुमच्यातल्या बऱ्याच जणांना पहिल्या परिच्छेदातच कळलंय. तुम्ही तिथं शिकला असाल, आबांनी तुमच्या हातात पहिल्यांदा पिपेट दिली असेल, तर आज, हे वाचून झाल्यावर लगेच, विभागप्रमुखांना अर्ज लिहा. एकच ओळ पुरे : आमच्या आबांची नोंदणी पूर्ववत करा आणि त्यांचा प्रबंध परीक्षकांकडं पाठवा. खाली स्वतःचं पूर्ण नाव, मिळालेली पदवी, आता नोकरी कुठं करता ते, आणि सही. पोहोच घेतल्याशिवाय कार्यालयाच्या खिडकीवरून हलू नका.